पावडर मोजणारं यंत्र आणि पंच वजनं : प्रकल्प नोंदी

४ मे

इलेक्ट्रॉनिक पावडर डिस्पेन्सर आज बाकावर बसवला. आतापर्यंत ३०८ विंचेस्टर या मापाची रायफलीची काडतुसं मी जुन्या रीतीनं भरत आले. मेझरच्या, म्हणजे मापानं पावडर सोडणाऱ्या साधनाच्या, हँडलनं थोडी कमी पावडर पॅनमध्ये टाकायची, पॅन तराजूवर ठेवायचं आणि ट्रिकलर फिरवत दाणा-दाणा सोडत दांडी समपातळीत येईपर्यंत थांबायचं. रीत चांगली आहे. पण दिवसभराच्या नोकरीनंतर दांडीच्या टोकाकडे तासभर एकटक बघत बसावं लागतं, आणि डोळे थकले की लक्ष उडतं. रीलोडिंगमध्ये, म्हणजे काडतुसं स्वतः भरण्यात, लक्ष उडणं ही सगळ्यात घातक गोष्ट. पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या कवचात, पावडर जास्त पडली तर रायफलीच्या चेंबरमधला दाब वाढतो, आणि त्या चेंबरपासून माझा गाल काही इंचांवर असतो.

यंत्र हेच काम बटण दाबलं की करतं. वर पावडरची नळकांडी, खाली मोटरनं फिरणारी नळी, समोर वजनकाटा. आकडा भरायचा, नळी आधी वेगानं, मग सावकाश आणि शेवटी जेमतेम फिरते, आणि भोंगा वाजतो.

या प्रकल्पात मला दोनच गोष्टी ठरवायच्या आहेत. यंत्रावर विश्वास किती ठेवायचा, आणि त्यानं वाचवलेला वेळ कुठे घालायचा. चार्जचे, म्हणजे एका काडतुसात किती पावडर घालायची त्याचे, आकडे या वहीत येणार नाहीत. ते छापील मॅन्युअलमधून घ्यायचे, तिथल्या किमान चार्जपासून सुरुवात करायची आणि आपल्या रायफलीत दाबाच्या खुणा बघत चढायचं. दुसऱ्याच्या वहीतला आकडा आपल्या पुंगळीत घालू नये, माझ्या वहीतला तर नाहीच.

११ मे

यंत्र दशांश ग्रेनपर्यंत दाखवतं. हा ग्रेन आपल्याकडच्या सोनारांना परका नव्हता. इंग्रजी अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरवला गेला. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा आणि एका गुंजेचे १.८७५ ग्रेन. पडद्यावरचा शेवटचा अंक एकानं बदलतो तेव्हा गुंजेचा जवळजवळ एकोणिसावा भाग बदललेला असतो. मेट्रिकमध्ये १ ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, तेव्हा ०.१ ग्रेन म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम.

मी वापरते ती पावडर व्हार्गेट. विकते अमेरिकेतली हॉजडन कंपनी, बनते ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या मुलवाला इथे. तिचे दाणे आखूड काड्यांसारखे असतात आणि एका दाण्याचं वजन साधारण ०.०२ ग्रेन भरतं. म्हणजे शेवटचा अंक हलायला पाचेक दाणे लागतात. ज्या यंत्राला पाच दाणे मिळून एक पायरी दिसते, त्याच्याकडून दाण्याचा हिशोब मागण्यात अर्थ नाही.

घरगुती डिस्पेन्सरमध्ये वजन मोजतो तो लोड सेल. अॅल्युमिनियमची एक छोटी तुळई, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक धातूच्या पट्ट्या. पॅनमध्ये भार पडला की तुळई किंचित वाकते, पट्ट्या ताणल्या जातात, त्यांचा विद्युतरोध बदलतो, आणि त्या बदलाचा आकडा होतो. तुळई तापली तरी हे सगळं थोडं थोडं बदलतं. पुढच्या बऱ्याच नोंदींचं मूळ या एका वाक्यात असणार आहे.

१८ मे

अॅरिझोनातल्या फीनिक्समध्ये मे म्हणजे उन्हाळा अंगात आलेला असतो. गॅरेज दुपारी भट्टी होतं, त्यामुळे बाक आधीच घरातल्या मागच्या खोलीत आहे. पावडरचे डबेही घरातच, कपाटात, मूळ डब्यांत आणि उन्हापासून लांब. पण घरात एसी आहे, आणि त्याची झडप नेमकी बाकाच्या डोक्यावर.

यंत्र चालू करून लगेच शून्य केलं आणि पॅन ठेवून बाजूला झाले. पंधरा मिनिटांनी आकडा शून्यावर नव्हता. तासाभरानं स्थिर झाला. आता नियम असा की स्वयंपाकाला लागण्याआधी यंत्र चालू करायचं आणि जेवणं उरकल्यावर बाकाशी बसायचं.

झडपेचा त्रास वेगळा. एसी सुरू झाला की शेवटचा अंक नाचतो, बंद झाला की शांत. काट्यावरचं प्लास्टिकचं झाकण लावल्यावर नाच कमी झाला, पण थांबला नाही, कारण पावडर पडते त्या बाजूनं झाकण उघडंच असतं. झडपेवर पुठ्ठा लावून हवा भिंतीकडे वळवली तेव्हा अंक स्थिरावला. मोबाइल बाकावर ठेवायचा नाही हेही ठरवलं. यंत्रांबरोबरच्या पुस्तिकांत मोबाइल आणि ट्यूबलाइट दोन्ही लांब ठेवायला सांगितलेलं असतं, आणि ते उगाच नाही. लोड सेलचा संकेत फार क्षीण असतो.

२५ मे

आज पंच वजनं आली. हे नाव माझं आहे. वाद झाला की निकाल त्यांनी द्यायचा.

यंत्राबरोबर ५० ग्रॅमची कॅलिब्रेशन वजनं मिळतात. त्यांनी काट्याचा उतार, म्हणजे वजनाबरोबर आकडा किती चढायचा ते प्रमाण, बसतो. पण माझा चार्ज दोन-तीन ग्रॅमच्या आसपासचा, आणि ५० ग्रॅमला बरोबर असलेला काटा तिथेही बरोबर असेलच असं गृहीत धरायला माझं मन तयार नाही. म्हणून १ आणि २ ग्रॅमची वेगळी वजनं मागवली. २ ग्रॅम म्हणजे ३०.८६ ग्रेन, तेव्हा पडद्यावर ३०.९ यायला हवं. दोन्ही मिळून ३ ग्रॅम म्हणजे ४६.३०, तर ४६.३. ही दोन उत्तरं कागदावर लिहून बाकासमोर चिकटवली आहेत.

वजनं कुठल्या वर्गाची घ्यावीत यावर लोक फार पैसे घालवतात. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत एम१ वर्गाच्या २ ग्रॅम वजनाला १.२ मिलिग्रॅमची चूक माफ असते, म्हणजे ०.०२ ग्रेनहूनही कमी. एफ१ वर्गाला फक्त ०.१२ मिलिग्रॅम. दशांश ग्रेन दाखवणाऱ्या यंत्राला एम१ पुरतं. वजनं हातानं उचलायची नाहीत, चिमट्यानं उचलायची, कारण बोटाचं तेल आणि घामही वजनात धरला जातो.

आणखी एक तपासणी फुकटची आहे, आणि मला ती सगळ्यात आवडते. पॅन ठेवून शून्य केलं की पॅन उचलल्यावर पडद्यावर पॅनचं वजन उणे चिन्हासह दिसतं. प्रत्येक चार्ज पुंगळीत ओतताना पॅन उचलावंच लागतं, तेव्हा हा आकडा दर वेळी आपोआप समोर येतो. तो दर वेळी तोच असला पाहिजे. ०.१ चा फरक पडला तर मी बघून ठेवते, ०.२ चा पडला तर हातातला चार्ज परत नळकांडीत आणि काटा पुन्हा शून्यावर. यासाठी काही जादा करावं लागत नाही, फक्त बघायची सवय लागते.

८ जून

बाहेरची आर्द्रता दुपारी दहा टक्क्यांच्या खाली. दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. त्याच स्थिर विजेनं आज पावडरचा छळ केला. प्लास्टिकच्या फनेलला दाणे चिकटतात, झाकणाच्या आतल्या बाजूला चढून बसतात, आणि पॅनजवळ हात नेला की काटा कारण नसताना सरकतो. फनेलला चिकटलेले दाणे हे काट्यानं मोजलेले पण पुंगळीत न पोचलेले दाणे. पुढच्या पुंगळीवर फनेल हलला की ते तिच्यात जातात. एकीचं कमी, दुसरीचं जास्त, आणि पडद्यावर दोन्ही वेळा आकडा अगदी बरोबर.

उपाय साधे. प्लास्टिकचा फनेल बाजूला ठेवून अॅल्युमिनियमचा घेतला. नळकांडी आणि झाकण, कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकतात त्या अँटीस्टॅटिक कागदानं पुसलं. बाकावर अर्थिंगची चटई घातली. खोलीत ह्युमिडिफायर लावायचा मोह झाला होता, पण तो लावला नाही. कारण पावडरच्याच बाजूचं आहे, ते पुढे येईल.

१४ जून

काडीच्या पावडरींचं जुनं दुखणं म्हणजे जादा पडणं. नळीच्या तोंडाशी दाण्यांचा छोटा ढीग साचतो, नळी फिरते, काही होत नाही, आणि मग ढीग एकदम घसरतो. यंत्र दोन-तीन दशांशानं पुढे जातं आणि चूक झाल्याचा आवाज करतं. बारीक गोळीदार पावडर असे ढीग करत नाही, ती पाण्यासारखी वाहते.

बहुतेक रीलोडर यावर शीतपेयाच्या जाड स्ट्रॉचा तुकडा नळीच्या तोंडात बसवतात. आतला मार्ग अरुंद झाला की दाणे एकेका ओळीनं बाहेर येतात. मीही बसवला. जादा पडणं खूपच कमी झालं, वेळ थोडा वाढला. स्ट्रॉची बाहेरची कड सरळ कापलेली हवी, तिरकी कापली की पुन्हा ढीग होतो. यंत्र पाणसळीत आहे का हेही बघून घ्यावं. पुढे झुकलं असेल तर पावडर घाईनं येते.

जादा पडलेला चार्ज चिमट्यानं दाणे काढून दुरुस्त करता येतो. मी करत नाही. अख्खा परत नळकांडीत टाकते आणि पुन्हा बटण दाबते. यंत्राचा वेळ फुकट आहे.

२१ जून

जुना दांडीचा तराजू फेकून देणाऱ्यांबद्दल मला वाईट वाटतं. त्याला वीज नको, तापायला वेळ नको. दांडीच्या टोकाला तांब्याची पट्टी असते आणि ती दोन चुंबकांच्या मधल्या फटीत हलते. तांब्यात उठणारे भोवरी प्रवाह डोलणं आवरतात, म्हणून दांडी लवकर थांबते, आणि थांबल्यावर पट्टीवर कसलाही जोर राहत नाही. तराजू वस्तुमानाशी वस्तुमान तोलतो. त्याला सरकायला इलेक्ट्रॉनिक्स नाहीच.

आज यंत्रानं दिलेले चार्ज मधून मधून या तराजूवर घेतले. बहुतेक एकमेकांना मिळाले. जिथे फरक होता तिथे तो दशांशाच्या आतला. मी समाधानी आहे.

मग एक प्रयोग केला, तो यंत्रावर नाही, घरात असलेल्या एका स्वस्त खिशातल्या डिजिटल काट्यावर. पॅन ठेवून शून्य केलं आणि चिमट्यानं एकेक दाणा सावकाश टाकत गेले. बरेच दाणे पडले तरी काटा शून्यच दाखवत राहिला. मग तेवढेच दाणे एकदम टाकले तर लगेच आकडा आला. अशा काट्यांना शून्याजवळचा अगदी सावकाश बदल हा स्वतःचाच ढळलेला तोल वाटतो आणि ते तो गिळून टाकतात. ट्रिकलरनं दाणा-दाणा सोडायचा असेल तर असा काटा बाकावर नकोच. ज्यांना एकेक दाणा दिसायला हवा त्यांच्यासाठी ए अँड डी एफएक्स-१२०आय सारखे चुंबकीय बलानं तोल साधणारे प्रयोगशाळेचे काटे आहेत, ०.००१ ग्रॅमपर्यंत दाखवणारे. किंमत माझ्या यंत्राच्या कितीतरी पट. ते मला लागतील का, याचं उत्तर लक्ष्यावर शोधायचं आहे.

६ जुलै

धाकटे दीर पुण्याहून आले आहेत. बाकाजवळ उभे राहून सगळं बारकाईनं बघितलं.

“वहिनी, हे मी तिकडे घरी केलं तर?”

“मुळीच करू नका, भावजी. परवाना नसताना काडतूस बनवणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. शस्त्र अधिनियम, १९५९.”

“आणि इथे तुम्हाला चालतं?”

चालतं, पण तेही अटींवर. इथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो. आणि नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला, ठरावीक अपवाद सोडले तर, बंदूक आणि काडतूस जवळ बाळगायलाच बंदी आहे. मी ग्रीन कार्ड हातात आल्यावर पहिल्यांदा रेंजवर गेले. इथले आपले बरेच तरुण मित्रांबरोबर रेंजवर जायला निघतात, त्यांनी हा कायदा आधी वाचावा असं मला मनापासून वाटतं.

भावजींचं बालपण खडकीतलं. १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना त्यांच्या घरापासून लांब नव्हता. भोंग्याच्या वेळा त्यांना अजून पाठ आहेत. पण काडतूस आतून कसं असतं हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. पुंगळी, प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी), पावडर, गोळी, असे चारही भाग वेगळे करून दाखवले.

२० जुलै

अॅरिझोनाचा मान्सून. सरकारी हिशोबानं तो १५ जून ते ३० सप्टेंबर. आमच्या गल्लीत धुळीच्या वादळानंतर काल पहिल्यांदा पाऊस झाला. खोलीतली आर्द्रता जूनच्या दुप्पट झाली आहे, आणि फनेलला आज एक दाणा चिकटला नाही. काटाही गप्प.

पण आता दुसरी बाजू. धूररहित पावडर म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज, आणि ते हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. कोरडी झालेली पावडर वेगानं जळते आणि दाब वाढवते, ओलावा घेतलेली सावकाश जळते. जूनमध्ये नळकांडी उघडी ठेवली तर पावडर सुकत जाते, जुलैत ठेवली तर ओलावते. दोन्ही वेळा काटा अचूक वजन सांगतो, आणि त्या वजनाचा वेग मात्र बदललेला असतो. यासाठीच मी ह्युमिडिफायर टाळला. विजेचा त्रास घालवण्याच्या नादात पावडरचा ओलावा वरखाली करत बसले असते.

नियम: डबा उघडायचा, त्या बैठकीपुरती पावडर नळकांडीत घ्यायची, डबा लगेच घट्ट बंद. बैठक संपली की उरलेली त्याच डब्यात परत. रात्रभर नळकांडीत काही ठेवायचं नाही. नायट्रोग्लिसरीन असलेल्या द्विघटकी पावडरी तर नळकांडीचं प्लास्टिकही खातात, जुन्या यंत्रांच्या पिवळट, खरबरीत नळकांड्या त्याच्याच.

२ ऑगस्ट

रिकामं करण्याची शिस्त. बाकावर एका वेळी एकच पावडर, तिचा डबा यंत्राच्या शेजारी उभा, आणि नळकांडीवर नावाची चिठ्ठी. डबा कपाटात गेला की चिठ्ठी फाडायची. चिठ्ठी नसलेल्या नळकांडीत पावडर दिसली तर ती कुठल्याही डब्यात परत जात नाही, ती नष्ट करायची. दोन पावडरी दिसायला सारख्या असतात आणि जळण्यात नसतात. यात तडजोड करणाऱ्या माणसाच्या शेजारच्या बाकावर मी रेंजवर बसणार नाही.

खालची झडप उघडून सगळं ओतलं तरी नळीच्या आट्यांत दाणे राहतात. नळी रिकामी फिरवायची, यंत्र उलटं करून हलकेच थोपटायचं, मग टॉर्च मारून नळीत आरपार बघायचं. स्ट्रॉचा तुकडा काढून त्याच्या मागेही बघायचं, तिथे नेहमी एखाद-दुसरा दाणा सापडतो.

साठ्याबद्दल एनएफपीए ४९५ ही इथली अग्निसुरक्षा संहिता सांगते की घरात २० पौंडांपर्यंत धूररहित पावडर मूळ डब्यांत ठेवता येते, त्यावर ५० पौंडांपर्यंत एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत. माझा साठा याच्या जवळपासही नाही. लोखंडी तिजोरीत मात्र ठेवायची नाही. उघड्यावर ही पावडर पेटली तर भडकन जळून जाते, घट्ट बंद जागेत तिचा दाब साठतो.

१६ ऑगस्ट

बेन एव्हरी रेंज, पहाटे. नऊनंतर रायफलीच्या नळीवरचं मृगजळ दुर्बिणीत लक्ष्य हलवतं, म्हणून सगळं त्याआधी.

काडतुसं दोन प्रकारे भरून आणली होती. एक गट यंत्रानं दिला तसा. दुसऱ्यात प्रत्येक चार्ज दांडीच्या तराजूवर पुन्हा घेऊन दाण्यानं जुळवलेला. पुंगळ्या, प्रायमर, गोळ्या, गोळी बसवण्याची खोली, सगळं एकच. वेग मोजायला रडार क्रोनोग्राफ.

माझ्या रायफलीत ०.१ ग्रेनला सेकंदाला पाच-सहा फुटांचा फरक पडतो हे आधीच्या वह्यांवरून माहीत आहे. दहा फुटांच्या फरकानं ३०८ ची गोळी ६०० यार्डांवर साधारण एक इंच वरखाली होते, १,००० यार्डांवर चार इंचांच्या आसपास. आज दोन गटांच्या वेगांतलं विचलन इतकं जवळजवळ होतं की लक्ष्याचे कागद अदलाबदल केले असते तर कुठला कुणाचा ते मला सांगता आलं नसतं. पुंगळीच्या मानेची पकड, प्रायमर आणि माझा ट्रिगरवरचा हात, यांचा वाटा त्या दशांशाहून मोठा आहे.

तेव्हा प्रयोगशाळेचा काटा घेणार नाही. १,००० यार्डांच्या स्पर्धेत उतरणाऱ्यानं खुशाल घ्यावा, तिथे ते चार इंच गुण खातात. मला दाण्यांच्या मागे धावायचं नाही. मला भीती आहे ती अर्ध्या-एक ग्रेननं हळूच सरकलेल्या शून्याची, चिकटून राहिलेल्या आणि मग एकदम पडलेल्या पावडरीची, चुकीच्या डब्याची. महागडा काटा यातली एकच गोष्ट कमी करतो.

२३ ऑगस्ट

बैठकीची रीत पक्की केली आणि बाकासमोरच्या कागदावर उतरवली.

यंत्र जेवणाआधी चालू. एसीच्या झडपेची हवा वळवलेली, मोबाइल बाहेर. कॅलिब्रेशन, मग २ आणि ३ ग्रॅमची पंच वजनं. पुंगळ्यांचा एक ट्रे भरून झाला की पुन्हा पंच वजनं, आणि उत्तर जुळलं नाही तर तो अख्खा ट्रे परत नळकांडीत. पॅन उचलताना उणे आकडा दर वेळी बघायचा. मधूनच एखादा चार्ज, मनात येईल तो, दांडीच्या तराजूवर. ट्रे भरल्यावर गोळ्या बसवण्याआधी टॉर्चच्या उजेडात सगळ्या पुंगळ्यांतली पातळी एका नजरेत, कारण एखादी रिकामी किंवा जास्त भरलेली पुंगळी डोळ्याला काट्याच्या आधी दिसते.

यंत्र पुढचा चार्ज मोजत असतं तेवढ्यात मागच्या पुंगळीत गोळी बसवायची, असं बरेच जण करतात, वेळ वाचतो म्हणून. मी ते करणार नाही. यंत्र मोजत असताना माझे डोळे पडद्यावरच असतील.

एवढं सगळं करूनही जुन्या रीतीपेक्षा निम्मा वेळ लागतो. पुढच्या बैठकीत एच४३५० ही पावडर, तीही मुलवालाचीच, दाणे व्हार्गेटपेक्षा लांब. तिच्यासाठी स्ट्रॉ जरा रुंद लागेल असं वाटतं. दोन-तीन जाडीच्या कापून ठेवल्या आहेत.